विहीर, टाकी आणि कोयना : स्थितिज ऊर्जा मोजायला शिकताना

पाण्याने भरलेला पोहरा विहिरीतून ओढून काठावर ठेवला की ओढणारा दमलेला असतो आणि पोहरा मात्र शांत उभा असतो. त्यातले पाणी तापलेले नसते, वाढलेले नसते, दिसायला तर मुळीच बदललेले नसते. तरीही हातांनी केलेली मेहनत कुठेतरी जमा झालेली आहे हे नक्की, कारण दोर निसटला तर तोच पोहरा खाली जाताना रहाट गरागरा फिरवतो आणि दोर पकडायला गेलेल्या तळहाताला चांगलाच चटका बसतो. अशा प्रकारे वस्तूच्या जागेमुळे किंवा तिच्या ताणलेल्या, दाबलेल्या अवस्थेमुळे जमा राहणाऱ्या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात.

मराठीतला हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेले, जलज म्हणजे पाण्यात जन्मलेले, तसे स्थितिज म्हणजे स्थितीतून जन्मलेले. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी १८५३ मध्ये या ऊर्जेला जे इंग्रजी नाव दिले त्याचा अर्थ ‘अंगी असलेली, पण अजून प्रकट न झालेली’ असा काहीसा होतो, आणि त्यामुळे ती ऊर्जा वस्तूच्या पोटात कुठेतरी दडून बसली आहे असा ग्रह होतो. मराठी शब्द असा चकवा देत नाही, कारण ऊर्जा स्थितीची आहे हे तो नावातच सांगून टाकतो. पुढच्या सगळ्या गणितांचा पाया हाच आहे : स्थितिज ऊर्जा काढताना ‘उंची किती?’ हा प्रश्न अपुरा असतो, ‘कुठपासून कुठपर्यंत?’ हा खरा प्रश्न असतो.

नववी-दहावीत हा विषय पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी, स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने पुन्हा त्याकडे वळलेल्यांसाठी आणि मुलांचा अभ्यास घेताना स्वतः अडणाऱ्या पालकांसाठी हा लेख आहे. त्यात बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचे गणित फारसे नाही.

आधी शब्द आणि एकके

बाजारात आपण ‘दोन किलो वजनाचे बटाटे’ म्हणतो, पण भौतिकशास्त्रात ते बटाट्यांचे वस्तुमान असते. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात आणि ते पृथ्वीवर, चंद्रावर, सगळीकडे सारखेच राहते. वजन हे बल आहे, म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते त्याचे माप आहे, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. वस्तुमानाला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो त्या मापाने, गुणले की वजन मिळते. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ हे त्वरण सेकंदाच्या वर्गाला सुमारे ९.८ मीटर असते. विषुववृत्तावर ते ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ इतके भरते, पण शालेय गणितात ९.८ पुरते आणि तोंडी अंदाजाला १० धरले तरी बिघडत नाही. म्हणजे दोन किलोग्रॅम बटाट्यांचे भौतिकशास्त्रातले वजन १९.६ न्यूटन झाले.

ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. एक न्यूटन बल लावून वस्तू त्या बलाच्या दिशेने एक मीटर सरकवली की एक ज्यूल कार्य होते, आणि तेवढीच ऊर्जा इकडून तिकडे जाते. ज्यूल किती लहान असतो याचा अंदाज यावा म्हणून एक मोठे लिंबू, साधारण १०० ग्रॅमचे, जमिनीवरून उचलून एक मीटर उंच टेबलावर ठेवून पाहावे : तेवढ्यात जवळजवळ एक ज्यूल खर्ची पडतो. वीजबिलावरचे एक युनिट मात्र ३६ लाख ज्यूलचे असते. हे दोन आकडे, लिंबाचा एक आणि युनिटाचे ३६ लाख, लक्षात राहिले तर पुढे उत्तर हास्यास्पद आले आहे की बरोबर, हे चटकन ओळखता येते.

सूत्र कुठून येते

पोहऱ्यात दहा लिटर पाणी आहे आणि पोहरा स्वतः एक किलोग्रॅमचा आहे, असे समजू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम, त्यामुळे एकूण वस्तुमान ११ किलोग्रॅम झाले. तो सावकाश, एकाच वेगाने वर ओढायचा असेल तर त्याच्या वजनाइतके बल लावावे लागते, म्हणजे ११ × ९.८ = १०७.८ न्यूटन. पाण्याची पातळी काठापासून आठ मीटर खाली असेल, तर हे बल आठ मीटरपर्यंत लावत राहावे लागते, आणि कार्य होते १०७.८ × ८ = ८६२.४ ज्यूल. पोहरा वर येऊन थांबला तेव्हा त्याला वेग नाही, म्हणून हे सगळे कार्य त्याच्या स्थितीच्या खात्यावर जमा झाले. यातूनच ते सूत्र तयार होते :

स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची

वर्गात याला सगळे ‘एमजीएच’ म्हणतात. ते पाठ करण्याऐवजी ‘वजन गुणिले उंची’ असे मनाशी म्हणावे, कारण तसे म्हटले की ते बल गुणिले अंतर आहे, म्हणजेच कार्य आहे, हे आपोआप ध्यानात राहते.

‘सावकाश ओढायचा’ ही अट पुस्तकात बहुधा एका ओळीत उरकली जाते, आणि चौकस विद्यार्थी नेमका तिथेच अडतो. हिसका देऊन ओढले तर सुरुवातीला बल जास्त लागते, पण मग पोहऱ्याला वेग येतो आणि तो जादाचा हिस्सा गतिज ऊर्जेत, म्हणजे वेगामुळे असणाऱ्या ऊर्जेत, जातो. स्थितिज ऊर्जेचा आकडा ओढण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसतो. सावकाश ओढण्याची कल्पना केवळ हिशेब स्वच्छ राहावा म्हणून केलेली असते.

शून्य कुठे धरायचे

गणित सोडवायला बसताना कागदावर सर्वांत आधी लिहायची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेकजण ती लिहीतच नाहीत. वरच्या उदाहरणात आपण नकळत पाण्याच्या पातळीला शून्य मानले, म्हणून काठावरच्या पोहऱ्याची स्थितिज ऊर्जा ८६२.४ ज्यूल आली. पण काठावर उभ्या असलेल्या माणसाने काठालाच शून्य मानले तर काय होईल? मग काठावरच्या पोहऱ्याची ऊर्जा शून्य, आणि पाण्यात बुडालेला तोच पोहरा शून्याच्या आठ मीटर खाली, म्हणून त्याची ऊर्जा उणे ८६२.४ ज्यूल. उत्तर उणे आले की विद्यार्थी ते खोडून अधिक करतात, कारण ‘ऊर्जा उणे कशी असेल’ असे त्यांना वाटते. पण उणे उत्तरात चूक काहीच नाही. उणे चिन्ह एवढेच सांगते की ही वस्तू निवडलेल्या शून्याच्या खाली आहे आणि तिला शून्यापर्यंत आणायला कोणीतरी ऊर्जा घालावी लागेल.

आता दोन्ही हिशेबांत फरक काढून पाहावा. पहिल्यात ८६२.४ वजा शून्य, दुसऱ्यात शून्य वजा (उणे ८६२.४). दोन्हीकडे फरक ८६२.४ ज्यूलच येतो. ओढणाऱ्याच्या दंडाला जो जाणवतो तो हा फरक. शून्याची जागा आपल्या सोयीची असते, तिला संदर्भपातळी म्हणतात, आणि अट एकच की ती एकदा ठरवली की गणित संपेपर्यंत हलवायची नाही. अर्धे गणित काठापासून आणि अर्धे तळापासून मोजले की उत्तर नक्की चुकते, आणि ही चूक आकडेमोडीत सापडतही नाही.

निवड कशी करावी, याला साधा नियम आहे. गणितातील सर्वांत खालची जागा शून्य धरली तर उणे चिन्हांचा त्रास टळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पुस्तक टेबलावरून फरशीवर पडले तर त्याच घराची फरशी शून्य धरावी. रस्त्यापासूनची नऊ-दहा मीटर उंची त्या हिशेबात कुठेच लागत नाही. तेच पुस्तक खिडकीतून बाहेर पडले तर मात्र रस्ता शून्य. पुस्तक तेच, टेबलही तेच, पण प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदलले.

उंची मोजताना होणाऱ्या दोन चुका

मार्केट यार्डात हमाल टेंपोत पोती चढवताना फळी टाकतात. टेंपोचा हौदा जमिनीपासून १.२ मीटर उंच आहे, फळी ४ मीटर लांब आहे आणि पोते ५० किलोग्रॅमचे आहे. पोत्याची स्थितिज ऊर्जा किती वाढली? नवखा विद्यार्थी ५० × ९.८ × ४ असे मांडून १,९६० ज्यूल सांगतो, कारण पोते फळीवरून ४ मीटर गेलेले त्याला दिसते. पण गुरुत्वाकर्षण फक्त उभ्या दिशेने ओढते, त्यामुळे उभी उंचीच मोजावी लागते : ५० × ९.८ × १.२ = ५८८ ज्यूल. मग फळीचा उपयोग काय, असा प्रश्न येतो. थेट उचलायला ४९० न्यूटन बल लागले असते; घर्षण सोडून दिले तर फळीवरून ढकलायला ५८८ ÷ ४ = १४७ न्यूटन पुरतात. फळी कार्य कमी करत नाही, ते लांब अंतरावर पसरून देते. घर्षण धरले तर एकूण मेहनत उलट थोडी वाढतेच, तरी कंबर वाचते म्हणून हमाल फळीच पसंत करतो.

हाच नियम मोठ्या प्रमाणावर सिंहगडावर पाहता येतो. एकाच पायथ्यापासून पायवाटेने चढले काय किंवा वळणावळणाच्या गाडीरस्त्याने गेले काय, माथ्यावर पोहोचलेल्या माणसाच्या स्थितिज ऊर्जेतील वाढ सारखीच असते. चढ ६०० मीटरचा आणि माणूस ६० किलोग्रॅमचा धरला तर ती ६० × ९.८ × ६०० = ३,५२,८०० ज्यूल होते. आहाराच्या भाषेत हे अवघे ८४ किलोकॅलरी झाले. शरीर काही फार कार्यक्षम यंत्र नाही, ते याच्या चार-पाच पट ऊर्जा खर्च करते, तरीही वर मिळणारे पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही एका बैठकीत हा सगळा हिशेब उलटा फिरवते.

दुसरी चूक थोडी सूक्ष्म आहे. पोहऱ्याबरोबर दोरही वर येतो, त्याचे काय? आठ मीटर दोराचे वस्तुमान १.६ किलोग्रॅम असेल तर त्यालाही ८ मीटरने गुणावे का? नाही, कारण दोराचे वरचे टोक आधीपासूनच काठाशी आहे आणि फक्त खालचे टोक आठ मीटर चढते. मधला प्रत्येक तुकडा यांच्या दरम्यान कुठेतरी असतो. सरासरी काढली तर दोराचा मध्य चार मीटर वर येतो, म्हणून त्याचा हिस्सा १.६ × ९.८ × ४ = ६२.७ ज्यूल, आणि दोरासह एकूण कार्य सुमारे ९२५ ज्यूल. लांब, पसरलेल्या किंवा उंच वस्तूंसाठी उंची नेहमी वस्तुमानाच्या मध्यापासून मोजावी. आडवा पडलेला वासा उभा केला की त्याची ऊर्जा वाढते, ती त्याचा मध्य वर गेल्यामुळे; त्याचे एक टोक तर जमिनीवरच असते.

एक पूर्ण गणित : गच्चीवरची टाकी

इमारतीच्या गच्चीवर १,००० लिटरची काळी प्लॅस्टिकची टाकी असते, आणि तळमजल्यावरच्या हौदातून पंपाने पाणी वर जाते. या पाण्याला किती स्थितिज ऊर्जा मिळते ते क्रमाने काढू.

प्रथम शून्य ठरवायचे : हौदातील पाण्याची पातळी. नंतर वस्तुमान : १,००० लिटर म्हणजे १,००० किलोग्रॅम. मग उभी उंची : टाकीतील पाण्याच्या मध्यापर्यंत १२ मीटर धरू, नळी किती वळसे घेत गेली आहे ते विचारायचे नाही. सगळी एकके किलोग्रॅम आणि मीटरमध्ये आहेत याची खात्री करून मगच गुणाकार : १,००० × ९.८ × १२ = १,१७,६०० ज्यूल. आकडा मोठा वाटतो, म्हणून तो ओळखीच्या एककात आणायचा : १,१७,६०० ÷ ३६,००,००० = ०.०३३ युनिट. म्हणजे तत्त्वतः एका युनिटात अशा तीस टाक्या भरायला हव्यात.

प्रत्यक्षात तसे होत नाही, हे सोसायटीच्या वीजबिलावरून कोणालाही कळते. समजा पंप ५०० वॅट, म्हणजे सेकंदाला ५०० ज्यूल, वीज घेतो आणि टाकी भरायला २० मिनिटे लावतो, तर तो ०.१६७ युनिट खातो, म्हणजे लागणाऱ्या ऊर्जेच्या पाचपट. उरलेले चार हिस्से मोटरच्या तापण्यात, पंपातील पाण्याच्या घुसळणीत आणि नळीच्या घर्षणात जातात. पाण्यात जमा झालेली ऊर्जा मात्र १,१७,६०० ज्यूलच राहते, पंप चांगला असो वा वाईट. सूत्राने मिळणारे उत्तर हे जमा रकमेचे असते, खर्चाचे नव्हे. परीक्षेत ‘पंपाला किती ऊर्जा लागेल’ आणि ‘पाण्याची स्थितिज ऊर्जा किती’ हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात.

कोयनेचे पाणी

पाणी कुठपर्यंत खाली जाते यावर किती अवलंबून असते, हे पाहायला कोयना प्रकल्पासारखे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्याजवळ, पाटण तालुक्यात कोयना धरण आहे आणि त्यामागे शिवाजीसागर जलाशय पसरलेला आहे. कोयना नदी मूळची पूर्ववाहिनी : तिचे पाणी कराडजवळ कृष्णेला मिळते आणि पुढे बंगालच्या उपसागराकडे जाते. त्या बाजूला जमीन हळूहळू उतरत जाते. पश्चिमेला मात्र सह्याद्रीचा कडा एकदम कोकणात कोसळतो.

जलाशयातील एक घनमीटर पाणी घेऊ, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीइतकेच, १,००० किलोग्रॅम. ते पूर्वेला धरणाच्या पायथ्याशी सोडले आणि पाण्याची पातळी पायथ्यापेक्षा समजा ८० मीटर वर असली, तर सुटणारी ऊर्जा १,००० × ९.८ × ८० = ७,८४,००० ज्यूल, म्हणजे ०.२२ युनिट. तेच पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून, डोंगराच्या पोटातील उतरत्या नळांतून चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले, तर उतार मिळतो सुमारे ४७५ मीटरचा. आता १,००० × ९.८ × ४७५ = ४६,५५,००० ज्यूल, म्हणजे १.२९ युनिट. पाणी तेच, जलाशय तोच, समुद्रसपाटीपासूनची उंचीही तीच. फक्त खालचे टोक बदलले आणि ऊर्जा जवळजवळ सहापट झाली. पोफळीतून बाहेर पडलेले पाणी तिथेही वाया जात नाही. ते कोळकेवाडी धरणात अडवून आणखी सुमारे ११० मीटर खाली सोडतात, तिसऱ्या टप्प्याची वीज घेतात, आणि मगच ते वाशिष्ठीच्या वाटेने अरबी समुद्राकडे जाते. चारही टप्पे आणि पायथ्याचे वीजगृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणारे टीएमसी आणि क्युसेक हे शब्दही या सूत्रात बसवता येतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. प्रत्येक घनमीटरमागे १.२९ युनिट, म्हणून पोफळीच्या उतारावर एक टीएमसी पाण्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ३.६५ कोटी युनिट भरते. बोगदा, टर्बाइन आणि जनित्र यांत साधारण दहावा हिस्सा गेला असे धरले तरी सव्वातीन कोटींच्या आसपास युनिट हाती येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेवढा प्रवाह ४७५ मीटर उतरत राहिला तर दर सेकंदाला २८.३ × ९.८ × ४७५ = सुमारे १,३२,००० ज्यूल सुटतात, म्हणजेच १३२ किलोवॅट शक्ती मिळते. ‘धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग’ ही बातमी पुढच्या वेळी वाचताना, ते पाणी टर्बाइनमधून गेले की सांडव्यावरून, हा प्रश्न मनात आला तर हे गणित अंगी लागले असे समजायला हरकत नाही.

हाच व्यवहार उलटाही चालतो. अकोले तालुक्यातील घाटघर येथे माथ्यावर एक आणि खाली शहापूर तालुक्याच्या बाजूला एक असे दोन जलाशय आहेत. विजेची मागणी कमी असताना वीज वापरून पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून १२५ मेगावॅटच्या दोन संचांवर वीज घेतात. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा हरवते, पण वीज नको त्या वेळेतून हव्या त्या वेळेत नेता येते. विहिरीच्या काठावर भरून ठेवलेला पोहराच हा, फक्त डोंगराएवढा.

पडताना काय होते

कोकणातल्या वाडीत किंवा गोव्यात माडाखालून जाताना माणसे सवयीने वर पाहतात. दीड किलोग्रॅमचा, सोडणासकट असलेला नारळ २० मीटर उंचीवर लटकत आहे. जमीन शून्य धरली तर त्याची स्थितिज ऊर्जा १.५ × ९.८ × २० = २९४ ज्यूल. देठ सुटला की ही ऊर्जा क्रमाक्रमाने गतिज ऊर्जेत उतरते. दहा मीटरवर निम्मी स्थितिज आणि निम्मी गतिज असते, आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणी सगळी गतिज. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येणारी राशी. दोन्ही बाजूंना वस्तुमान असल्याने ते निघून जाते आणि वेगाचा वर्ग = २ × गुरुत्व त्वरण × उंची एवढेच उरते. २ × ९.८ × २० = ३९२, त्याचे वर्गमूळ १९.८, म्हणजे सेकंदाला १९.८ मीटर किंवा ताशी सुमारे ७१ किलोमीटर. वस्तुमान निघून गेल्यामुळे हवेचा अडथळा सोडला तर तेवढ्याच उंचीवरून पडणारी सुपारीही याच वेगाने येईल. पण सुपारीजवळ नारळाच्या मानाने ऊर्जा नगण्य असते, आणि डोक्याला हिशेब ऊर्जेचा कळतो.

जमिनीवर आपटल्यावर नारळ थांबतो, मग ते २९४ ज्यूल कुठे गेले? थोडे आवाजात, थोडे माती दबण्यात, आणि शेवटी बहुतेक सगळे उष्णतेत. हे मोजून दाखवण्याचे श्रेय जेम्स ज्यूल यांच्याकडे जाते. १८४० च्या दशकात त्यांनी वरून खाली येणाऱ्या वजनांना पाण्यात फिरणारी पाती जोडली आणि पाणी किती तापते ते मोजले. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. ४,१८६ ÷ ९.८ = ४२७, म्हणजे पाणी ४२७ मीटर खाली पडून त्याची सगळी ऊर्जा त्यातच जिरली तर ते जेमतेम एक अंशाने तापेल. कोयनेचा ४७५ मीटरचा उतार टर्बाइनविना वाया घालवला असता तर पाणी १.१ अंशाने कोमट झाले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते.

ताणलेल्या स्प्रिंगची ऊर्जा

उंची न बदलताही स्थितिज ऊर्जा साठते : ताणलेली गलोल, किल्ली दिलेले घड्याळ, दाबलेली स्प्रिंग. भंगारवाल्याकडचा हुकाचा ताणकाटा यासाठी उत्तम साधन आहे. त्यावर एक किलोग्रॅमचे वजन हाताने धरून अलगद खाली सोडत आणले आणि स्प्रिंग ४ सेंटिमीटर ताणली गेली, असे समजू. इथे बल सुरुवातीला शून्य असते आणि ताणाबरोबर वाढत जाते. हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. बल सतत बदलत असल्याने सरळ बल गुणिले अंतर करता येत नाही, सरासरी बल घ्यावे लागते, आणि शून्यापासून वाढणाऱ्या बलाची सरासरी शेवटच्या बलाच्या निम्मी असते. म्हणून :

स्प्रिंगची स्थितिज ऊर्जा = ½ × स्प्रिंग स्थिरांक × ताणाचा वर्ग

स्थिरांक म्हणजे एक मीटर ताणायला लागणारे बल : ९.८ ÷ ०.०४ = २४५ न्यूटन प्रति मीटर. ऊर्जा : ½ × २४५ × ०.०४ × ०.०४ = ०.१९६ ज्यूल. सेंटिमीटरचे मीटर न करता वर्ग केला तर उत्तर दहा हजार पट चुकते, आणि माझ्या पाहण्यात या भागातली सर्वाधिक गुण खाणारी चूक हीच आहे.

आता एक गंमत. वजन ४ सेंटिमीटर खाली आले, म्हणजे त्याची गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा १ × ९.८ × ०.०४ = ०.३९२ ज्यूलने कमी झाली. स्प्रिंगमध्ये मात्र बरोबर निम्मीच जमा झाली. उरलेली निम्मी आपल्या हातात गेली, कारण वजन अलगद सोडताना हात त्याला वरच्या दिशेने आधार देत होता. हात एकदम काढून घेतला तर हा निम्मा हिस्सा वजनाला वेग देतो, वजन ४ सेंटिमीटरवर न थांबता ८ सेंटिमीटरपर्यंत खाली जाते आणि वरखाली झुलत राहते. घरी काटा असेल तर हे करून पाहावे. काटा झटक्यात जवळजवळ दोन किलो दाखवून परत येतो.

सूत्र कुठपर्यंत चालते

वजन गुणिले उंची हे सूत्र गुरुत्व त्वरण सर्वत्र सारखे आहे असे गृहीत धरते. विमाने उडतात त्या दहा किलोमीटर उंचीपर्यंत यात हजारात दीड-दोन भागांची चूक येते, म्हणजे काहीच नाही. चारशे किलोमीटरवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकासाठी मात्र ते सहा टक्क्यांहून थोडे जास्त उत्तर देते, कारण वर जावे तशी पृथ्वीची ओढ कमी होत जाते. त्यामुळे मोठ्या अंतरांसाठी भौतिकशास्त्रज्ञ शून्याची जागाच बदलतात : पृथ्वीपासून अनंत अंतरावर, जिथे तिची ओढ संपते, तिथे शून्य धरतात. मग पृथ्वीजवळच्या प्रत्येक वस्तूची ऊर्जा उणे येते, आणि तिचे मूल्य पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते.

पोहऱ्याच्या उदाहरणात काठ शून्य आणि पाणी उणे, हे आपण पाहिले आहे. इथेही तेच आहे. आपण सगळे विहिरीच्या तळाशी आहोत आणि काठ अनंतावर आहे. या विहिरीची खोली मोजायला गुरुत्व त्वरणाला पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे सुमारे ६३ लाख ७० हजार मीटरने गुणावे : एका किलोग्रॅममागे जवळजवळ ६ कोटी २५ लाख ज्यूल. वस्तूला ही सगळी ऊर्जा एकाच फेकीत द्यायची असेल तर वेगाचा वर्ग १२ कोटी ५० लाख असावा लागतो आणि त्याचे वर्गमूळ सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर येते. दहावीच्या पुस्तकातला मुक्तिवेग तो हाच. विजेच्या भाषेत ही खोली किलोग्रॅममागे अवघी १७ युनिटांहून थोडी जास्त भरते.